दिव्याला पाणी घातले तो उन्हाळा

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी दाजी वारले. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. ते विजेच्या कंपनीत वायरमन होते. ताप आला होता. आठव्या दिवशी गेले.

पुढे पंधरा दिवस घरी जो येई तो दाजींच्या धाडसाची गोष्ट सांगे. वादळात खांबावर चढलेले दाजी, घाटात दोरीला लोंबकळणारे दाजी. मी मान डोलावत ऐकत बसे. त्या गोष्टी खऱ्या असतील. मी त्या वेळी तिथे नव्हतो. मी जिथे होतो तिथली गोष्ट एकच आहे. तिच्यात खांब नाही, वादळ नाही, आणि मूर्ख माणूस मी आहे. समाचाराला आलेल्या लोकांपुढे ती सांगवत नाही. लिहिता येते.

आमचे घर लोणावळ्यात, बाजाराच्या मागच्या अंगाला. वर पत्रे, मागे पत्र्याचे न्हाणीघर, त्याच्याही मागे कपडे वाळत घालायची लोखंडी तार. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले. मी शाळेत शास्त्र आणि गणित शिकवतो. घरात तेव्हा मी आणि आई, आणि माझी पुस्तके. आई पुस्तकांना तिसरा माणूस म्हणते, आणि तो काही काम करीत नाही असेही म्हणते.

अक्का परंदवडीला दिली होती. दाजी शेतकऱ्याघरचे. थोरले भाऊ शेती बघत. दाजी तरुणपणी खांब वाहण्याच्या मजुरीला म्हणून गेले आणि साहेबांच्या हाताखाली वायरमन होऊन बाहेर पडले. शाळा तिसरीपर्यंत. मला ते पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला कधीच नीट कळले नाही.

आमच्या घराला वीज त्यांनीच घातली. लग्नानंतरच्याच वर्षी पोते खांद्यावर टाकून आले आणि चार दिवस राहिले. भिंतीवर सागवानी पट्ट्या ठोकल्या, त्यांवरून दोन दोन तारा नेल्या. मग मागच्या अंगणात गेले आणि न्हाणीघराच्या कडेला पुरुषभर खड्डा खणायला लागले. आईला वाटले पाण्याची सोय होते आहे. संध्याकाळी दाजी म्हणाले, “मामी, पाच शेर मीठ पायजे. जाडं. आनि पाटीभर कोळसा.”

“मीठ कशाला?”

“पुरायचंय.”

आईने माझ्याकडे पाहिले. मीठ आणि कोळसा संध्याकाळच्या वेळी जमिनीत पुरणे म्हणजे काय, हे आमच्या आळीत लहान मुलालाही सांगावे लागत नाही. शेजारच्या काकू कुंपणावरून मान वर करून बघतच होत्या.

“जावईबापू,” आई हळू आवाजात म्हणाली, “कुणावर करताय?”

“इजंवर,” दाजी खड्ड्यातून म्हणाले. “ती तुमाला चावू न्हाई म्हनून. लय जालीम हाय, उतरत न्हाई.”

खड्ड्यात त्यांनी तांब्याचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर घातले, आणि त्या पत्र्याला जोडलेली एक उघडी तांब्याची तार वर काढली. ती तार न्हाणीघराच्या पत्र्याला बांधली, कारण खांबावरची वीज त्या पत्र्यावरूनच घरात शिरत होती. तिथून पुढे ती आत मेन स्विचच्या लोखंडी पेटीला नेली. कपडे वाळत घालायची तारही पत्र्यालाच अडकवलेली होती, तेव्हा तीही आपोआप त्या सोयरिकीत आली.

रात्री जेवताना मी त्यांची परीक्षा घेतली. माझ्याजवळ विजेवरचे एक इंग्रजी पुस्तक होते. ते मी दोनदा वाचले होते आणि कडेला पेन्सिलीने टिपणेही केली होती.

“दाजी, दिव्याला दोन तारा का?”

“येक घिऊन येती, येक माघारी नेती. इजंला माघारी जायला वाट पायजे, न्हाईतर ती येतच न्हाई. साहेबलोक माघारीच्या तारंला न्यूट्रल म्हनत्यात.”

“आणि ही तिसरी, जमिनीतली?”

“तिला कायबी काम न्हाई.”

“काम नाही तर घातली कशाला?”

“कायबी काम नसावं, हेच तिचं काम.”

मी हसलो. मग सांगितले की पुस्तकात लिहिले आहे, वीज जिथून निघते तिथे ही माघारी जाणारी तारसुद्धा जमिनीलाच जोडलेली असते. मग दोन्हींचे टोक जमिनीतच. एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन तारा वेगळ्या ठेवायच्या, ही तांब्याची उधळपट्टी नव्हे काय?

दाजींनी भाताचा घास केला, तो खाल्ला, आणि मग म्हणाले, “मास्तर, आमच्या वरच्या खाचराचं पानी खालच्या खाचरात सोडायला बांधाला तोंड ठिवत्यात. रोजचं पानी त्यातनं जातं. आनि बांधाच्या दुसऱ्या अंगाला सांडवा असतो. तोंडाचं पानी आनि सांडव्याचं पानी, शेवटाला दोन्ही वढ्यालाच जात्यात. पर म्हनून सांडव्यातनं कुनी रोजचं पानी सोडतं का? सांडवा कोरडा ठिवायचा. येकाद्या रातीला पूर आला, बांध फुटायला झाला, तर त्या पान्याला वाट पायजे. तार तुटली, घासली, पत्र्याला लागली, तर तो पूर. ही जिमिनीची तार त्याच्यासाटनं मोकळी.”

दाखला चांगला होता. मी ताक वाढून घेतले आणि मनात म्हणालो, दाखला म्हणजे सिद्धता नव्हे.

चार वर्षे सगळे ठीक चालले. मग लढाईचे दिवस आले आणि बाजारातून वायर नाहीशी झाली. दाजींची नेमणूक खाली खोपोलीला झाली, तेही कधीमधीच यायला लागले. त्याच पावसाळ्यात आईने तक्रार काढली. आई पहाटे आंघोळ करते. न्हाणीघरात दिवा नव्हता. ती कंदील घेऊन जाई आणि लोणावळ्याचा पाऊस आडवा येऊन तो विझवी.

“पुस्तकांना दिवा आहे,” आई म्हणाली. “मी मात्र अंधारात चाचपडते. परवा शिकेकाई म्हणून राखुंडी डोक्याला लावली.”

दाजींनी ठेवून दिलेले वायरीचे एक भेंडोळे माझ्याजवळ होते. मोजले. न्हाणीघरापर्यंत जायचे आणि माघारी यायचे, तर लागत होती त्याच्या नेमकी निम्मी वायर. मी आठ दिवस विचार केला. सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत असताना उत्तर सुचले. न्हाणीघराच्या भिंतीशी एक तांब्याची तार आयती उभी होती, जिला दाजींच्याच म्हणण्याप्रमाणे काही काम नव्हते. येणारी वीज माझ्या वायरीने न्यायची आणि माघारी जाणारी त्या तारेने जमिनीत सोडून द्यायची. पुस्तकही हेच सांगत होते. दोन्हींचे टोक जमिनीतच.

रविवारी मेन स्विच पाडून मी ते काम केले. आईने स्टूल धरले. बटन दाबले आणि दिवा लागला. असा लखलखीत, की छपरातली जळमटे मोजता आली. बाहेर आषाढ कोसळत होता, अंगण म्हणजे चिखल झाले होते, आणि माझ्या दिव्याची वीज त्या चिखलातून निमूट घरी जात होती. आईने दिव्याला नमस्कार केला. मला वाटले, त्यातला थोडा मला असावा.

दिवाळीला दाजी आले. न्हाणीघरातून बाहेर येत, डोके पुसत म्हणाले, “मास्तर, दिवा बेस लागलाय. वायर कुटनं आनली?”

“मिळाली,” मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. मिळालीच होती, निम्मी. दाजींना दुपारच्या गाडीने परत जायचे होते. त्यांनी आणखी काही विचारले नाही.

माघ संपता संपता दिवा उतरू लागला. आधी थोडा पिवळा, मग हळदीसारखा. आई म्हणाली, दिव्याला कावीळ झाली. मी दिवा बदलला. नव्यालाही कावीळ झाली. घरातले बाकीचे दिवे ठणठणीत होते. मी पुस्तक काढून बसलो. पुस्तक इंग्लंडातले, तिथे जमीन वाळते असा उल्लेख कुठेच नव्हता. मग एके दिवशी आईने गोधड्या धुतल्या आणि ते सगळे पाणी न्हाणीघरामागे ओतले. दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा पुन्हा पांढरा.

शोध लागल्यावर माणसाला जे वाटते ते मला वाटले. आमच्याकडची मुरमाड जमीन पावसाळ्यात कितीही भिजली तरी फाल्गुनात भाकरीसारखी वाळते. वाळली की तिच्यातून विजेची वाट अडते. तेव्हा पाणी घातले की झाले. मी रोज खड्ड्यावर एक बादली ओतायला लागलो.

आता आमच्या गावाचे असे आहे की पावसाळ्यात पाणी नको नको होते आणि उन्हाळ्यात विहिरीला राहाट लांबच लांब फिरवावा लागतो. शेजारच्या काकूंनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “मास्तर, काय लावलंय तिथं? तीन दिवस झाले, कोंब दिसत नाही.”

“दिवा आहे,” मी म्हणालो.

“अगंबाई. रुजवलाय?”

हे आळीभर झाले. दळणाला गेले की गिरणीवाला विचारी, दिव्याला कळी आली का. आईला मात्र माझा राग आला नाही, उलट एक प्रकारचे कौतुकच वाटले. “तुझ्या वडिलांनी जन्मात मोगऱ्याला तांब्याभर पाणी घातलं नाही,” ती म्हणे. “तू दिव्याला घालतोस. बाकीच्या जगाचे दिवे तेलावर, आमचा पाण्यावर.”

याच दिवसांत आणखी काही गोष्टी घडत होत्या, आणि प्रत्येकीला घरात एक कारण तयार होते. सकाळी कपडे वाळत घालताना आईच्या बोटांना मुंग्या येत. त्या वाताच्या होत्या. दूधवाल्याची म्हैस एका पहाटे न्हाणीघराच्या पत्र्याला पाठ घासायला गेली आणि हंबरून अशी उधळली की दूधवाला बाजारापर्यंत तिच्यामागे पळाला. मी त्याला समजावले की म्हैस हा मुळात भित्रा प्राणी आहे. तो म्हणाला, “मास्तर, हिच्या अंगावरनं परवा मोटार गेली असती, तरी ही हलली न्हाई.” त्यावर मी आत गेलो.

चैत्रात अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा संपत आला होता. आईने दुसऱ्याच दिवसापासून तिचा ताबा घेतला. पहाटे उठवायचे, अंगाला तेल लावायचे, कढत पाणी, आणि न्हाणीघरातला दिवा लावून सावकाश आंघोळ. दिव्याचे आईने अक्कापाशी फार वर्णन केले होते. अक्का चारपाच दिवसांनी म्हणाली, “आई, उठताना पत्र्याला हात टेकला की अंगातून झिणझिण्या जातात गं.”

“पोटुशी बाईला होतं तसं,” आई म्हणाली. “तुझ्या वेळी माझे पाय जायचे.”

मी तिथेच चहा पीत बसलो होतो. मला तेव्हा कळायला हवे होते. खरे सांगायचे तर थोडे कळलेही होते, कारण त्या दिवसापासून मी एकाऐवजी दोन बादल्या ओतायला लागलो.

त्यानंतरच्या रविवारी दाजी न कळवता आले. कर्जतहून पहिल्या गाडीने चढून आले होते, पाठीवर हत्यारांचे पोते, हातात कैऱ्यांची पिशवी. उजाडत होते. ते मागच्या दाराने आले, आणि मी खड्ड्यावर दुसरी बादली ओतत होतो.

“काय मास्तर, सकाळच्या पारी?”

“काही नाही. पाणी घालतोय.”

“कशाला?”

“दिवा मंद होतो.”

ते हसायला लागले होते. हसता हसता त्यांची नजर ओल्या खड्ड्यावर गेली, खड्ड्यातून निघालेल्या तारेवर गेली, तारेला मी मारलेल्या गाठीवर गेली, आणि तिथून पत्र्याच्या फटीतून बाहेर येणाऱ्या उजेडावर. हसू कुठे थांबले ते मला दिसले.

“आत कोन हाय?”

“अक्का.”

त्यांनी हाक मारली नाही. नंतर मला कळले की का मारली नाही. दचकून तिने पत्रा धरला असता. त्यांनी पिशवी खाली सोडली आणि मागच्या दाराने घरात पळाले. मी मागोमाग. स्वयंपाकघरात आई पोळपाट मांडत होती. दाजींनी तिच्या हातातले लाटणे ओढून घेतले.

“अहो जावईबापू! आल्या आल्या लाटणं?”

दाजी मेन स्विचपाशी गेले. लोखंडी पेटीला हात न लावता त्यांनी लाटण्याने वरचा दांडा खाली पाडला. घरात सगळीकडे अंधूक झाले.

न्हाणीघरातून अक्काचा आवाज आला, “दिवा गेला! कोण आहे रे तिकडे? माझ्या डोळ्यांत शिकेकाई गेलीय!”

“मीच हाय,” दाजी दारातून म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. “बस तशीच. न्हाऊन घे. काय घाई न्हाई.”

आणि मग ते ओट्यावर बसले. लाटणे हातातच होते. आईने ते हळूच काढून घेतले आणि पदराने पुसून परत पोळपाटावर ठेवले. तिला वाटले, प्रवासाने थकले असतील.

अक्का बाहेर आल्यावर, चहा झाल्यावर, आई तिचे केस वाळवत बसल्यावर, दाजी मला मागे घेऊन गेले. टिकाव माझ्याच हातात दिला. दोन हात खणल्यावर तांब्याचा पत्रा लागला. त्याला तार जिथे जोडलेली होती तिथे हिरवा चट्टा होता, मिठाने खाल्लेला. दाजींनी दोन बोटांनी तार ओढली. ती भाजलेल्या शेंगेसारखी निघून आली.

“रोज पानी घालून ह्येला खाऊ घातलंसा,” ते म्हणाले.

मग त्यांनी पोत्यातून एक दिवा काढला, होल्डरला दोन तारा लावलेला, तपासणीचा. मला आत पाठवून मेन स्विच वर करायला सांगितला, लाटण्यानेच, आणि न्हाणीघरातले बटन कोरड्या काठीने दाबायला सांगितले. न्हाणीघरातला दिवा लागला नाही. कसा लागणार, त्याची माघारीची वाट दाजींच्या हातात निघून आली होती. मी बाहेर आलो. दाजी कोरड्या फळीवर उभे होते. तपासणीच्या दिव्याची एक तार त्यांनी घरातल्या माघारीच्या तारेला जोडली आणि दुसरीचे टोक न्हाणीघराच्या पत्र्याला टेकवले.

त्यांच्या हातातला दिवा लागला. आतलाही लागला. दोन्ही तांबूस, अर्धे अर्धे.

म्हणजे वीज पत्र्यात येऊन उभी होती. माझ्या दिव्यातून ती पत्र्यापर्यंत येत होती आणि पुढे वाट नसल्यामुळे तिथे थांबत होती, कोणाचा तरी ओला हात मिळेपर्यंत. तीच पेटीत, तीच कपड्यांच्या तारेत. दाजींनी टोक काढले. दोन्ही दिवे गेले. परत टेकवले, दोन्ही लागले. त्यांनी असे तीनदा केले. मी वर्गात गणित समजले नाही तर तीनदा करून दाखवतो, तसे.

“पुस्तकात बराबर हाय, मास्तर,” शेवटी ते म्हणाले. “दोन्ही तारांची गाठ जिमिनीत पडती. पर ती तितं, इज निघती तितं, येकदाच. त्यापुढं दोघींनी घरात भेटायचं न्हाई. माघारीच्या तारंत रोजची इज असती, म्हनून ती झाकलेली. जिमिनीची तार उघडी, समद्यांच्या हाताखालची. तिच्यात रोजची इज घातली, आनि खाली गाठ सुटली, की समदं घर जिवंत. पावसाळ्यात तुमचं बराबरच हुतं. पुस्तकात चैत न्हाई, त्याला तुमी काय करणार?”

मी मान खाली घातली होती. मग ते म्हणाले, “दिवाळीला म्हनलासा, मिळाली.”

एवढेच. त्याहून जास्त ते मला त्याविषयी कधी बोलले नाहीत.

माझी वायर मीच काढली. दाजी शेजारी बसून कैऱ्या चिरत होते आणि कुठला खिळा आधी काढायचा ते सुरीने दाखवत होते. नवा पत्रा, नवे मीठ, नवा कोळसा घातला. काकू कुंपणावर होत्याच. “उपटलात का हो?” त्यांनी विचारले. दाजी म्हणाले, “व्हय काकू, बी खोटं निघालं.” आईला त्यांनी सांगितले की वायरीत दोष होता. पुढचे तीन महिने न्हाणीघरात कंदील होता. मग दाजींनी कुठून तरी, तुकडे जोडून का होईना, दोन तारांपुरती वायर आणली आणि दिवा पुन्हा लागला, आषाढात आणि चैत्रात सारखाच. ज्येष्ठात अक्काला मुलगी झाली होती.

दाजी वारल्यावर, समाचाराचे सगळे पाहुणे परतल्यावर, मी ही गोष्ट अक्काला सांगितली. मला ती मनात ठेवून राहवेना. तिने सगळी ऐकून घेतली. ती मेथी निवडत होती.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “त्याच दिवशी सांगितलं मला त्यांनी. हसत होते आणि रडत होते. म्हणाले, मास्तरला बोलू नको, बिचारा वाचतो फार.”

मग ती हसली. दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तिच्या पुढ्यातली निम्मी जुडी घेतली आणि निवडायला लागलो.

अक्का आणि तिची मुलगी आता आमच्याकडेच राहतात. मुलगी पाच वर्षांची आहे. ती पहाटे आजीबरोबर आंघोळीला जाते आणि बटन स्वतः दाबते.